पोडावरचा सर्व्हर

यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की साताऱ्यात पहिला प्रश्न येतो तो उन्हाचा. मी जानेवारीत गेले होते आणि सकाळी तिथे शाल लागत होती, हे सांगितलं की ऐकणाऱ्याची जरा निराशाच होते. दुसरा प्रश्न असतो, तिकडे तुमचं कोण आहे? याचं उत्तर देताना माझी पंचाईत होते. तिकडे माझं कोणी नव्हतं. मी लिहिलेला एक प्रोग्राम तिकडचे लोक वापरत होते आणि तो नीट चालत नव्हता, म्हणून मी गेले.

मी घरी बसून सॉफ्टवेअर लिहिते. पोटापाण्याचं काम वेगळं, पण गेली काही वर्षं देशोदेशींच्या काही मित्रांबरोबर मी एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळते. मुक्त म्हणजे कोणीही ते उघडून पाहावं, बदलावं, फुकट वापरावं. त्याचं काम एवढंच, की एकाच पानावर अनेकांनी एकाच वेळी लिहायचं. मी साताऱ्यात एक अक्षर टाइप केलं की ते त्याच क्षणी दुसऱ्याच्या फोनवर दिसतं. यात दोन भाग असतात. तुमच्या फोनवर पान दाखवणारा आणि तुमची अक्षरं घेणारा तो क्लायंट. सगळ्यांची अक्षरं गोळा करून एकमेकांना पोचवणारा आणि जपून ठेवणारा, मध्ये बसलेला तो सर्व्हर. आमच्याकडे हे दोन्ही भाग पहिल्यापासून एकमेकांत शिवलेले होते. फोनवर दिसणारं पानसुद्धा दर वेळी सर्व्हरकडूनच यायचं. आमचा सर्व्हर दूर कुठल्याशा परदेशी शहरात होता. त्याच्यापर्यंतची वाट तुटली की फोनमध्ये काहीच उरायचं नाही, नुसता पांढरा पडदा.

आमच्या प्रकल्पाच्या सार्वजनिक पानावर लोक तक्रारी लिहितात, बहुतेक इंग्रजीत. त्यात एक दिवस मराठीत चार ओळी आल्या. लिहिणारीचं नाव रेखा टेकाम. घाटंजी आणि पांढरकवड्याच्या मधल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम लोकांच्या छोट्या वस्तीवर, ती शाळेत शिकवते. ती स्वतः कोलामच. आपल्या बोलीतले शब्द, जुनी सांगणी, ओढ्याडोंगरांची नावं लिहून ठेवायला तिने काही जणांना एकत्र केलं होतं आणि त्यासाठी आमचं सॉफ्टवेअर निवडलं होतं. तिने लिहिलं होतं, ‘सभेच्या दिवशी तुमचं पान पांढरं झालं. म्हातारे लोक वाट पाहून उठून गेले. आता त्यांना पुन्हा कोणत्या तोंडाने बोलावू?’

पुढचे कित्येक महिने मी ते दोन भाग उसवत बसले. आमच्या मंडळींत काहींना हे उगाचचं दुखणं वाटत होतं. पण अखेर जमलं. क्लायंट आता फोनमध्ये स्वतःच्या पायावर उभा राहत होता. सर्व्हर नसला तरी पान उघडत होतं, लिहिलेलं फोनमध्येच साठत होतं, आणि सर्व्हर भेटला की आपोआप जुळत होतं. सर्व्हरही एवढा आटोपशीर झाला होता की तळहाताएवढ्या यंत्रावर चालावा. साताऱ्यातल्या माझ्या टेबलावर सगळं सुरळीत होतं. रेखाताईंनी पुन्हा सभा ठरवली, तेव्हा मी म्हटलं, मी स्वतः येते.

कळंब

वर्ध्याहून यवतमाळकडे येणाऱ्या बसमधून मी कळंबला उतरले, कारण रेखाताई काही कामासाठी तिथे आल्या होत्या आणि तिथून पुढे आम्ही बरोबर जाणार होतो. फोनवर इतक्या वेळा बोलणं झालं होतं, तरी त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता. चिंतामणीच्या देवळापाशी या, असं ठरलं होतं. आमच्याकडे देव म्हटला की डोंगर चढायचा, त्यामुळे मी सवयीने वर कळस शोधत राहिले. इथला गणपती खाली आहे. जमिनीच्या पोटात पायऱ्या उतरून जायचं. मी उतरत होते आणि एक बाई वर येत होत्या. उंच, खांद्याला कापडी पिशवी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत थांबलो आणि दोघींनाही कळलं.

"तुम्ही फोनवर जाड्या वाटत होत्या," त्या म्हणाल्या.

मग त्या माझ्याबरोबर पुन्हा खाली उतरल्या. दर्शन झाल्यावर बाहेर आम्ही तर्री घातलेले पोहे खाल्ले. पोह्यांवर रस्सा ओततात हे मला माहीत होतं, पण तो किती ओततात हे माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं दुकानदाराने न विचारता ताटलीत आणखी शेव टाकली. त्याच्या दृष्टीने तो उपाय होता.

घाटंजी

त्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. बाजारात ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग, कोवळ्या वांग्यांचे ढीग आणि मिरच्यांचे इतके प्रकार की मी मोजणं सोडून दिलं. आमच्या बाजारात भाजीवालीशी घासाघीस करताना आवाज चढवावा लागतो. इथे रेखाताई नुसत्या उभ्या राहून गप्पा मारत होत्या आणि पिशवी भरत होती.

त्यांचं घर घाटंजीतच. यजमान अनिलभाऊ कृषी केंद्र चालवतात. त्यांनी माझं सामान पाहिलं. तळहाताएवढं यंत्र, एक राउटर, वायरींचं भेंडोळं. हसून ते म्हणाले, "एवढ्यासाठी साताऱ्याहून आल्या जी तुम्ही?" त्यांच्याकडे एक जुना लॅपटॉप होता. त्यात लग्नाचे आणि पोरीच्या बारशाचे फोटो होते, म्हणून ते त्याला कोणाला हात लावू देत नसत. ही गोष्ट रेखाताईंनी तक्रारीच्या सुरात सांगितली आणि त्यांनी अभिमानाने ऐकली.

जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी होती. आमच्याकडे भरितात दाण्याचं कूट पडतं, इथे कांद्याची पात आणि वर कच्चं तेल. मी तिसऱ्यांदा भरीत घेतलं तेव्हा रेखाताईंनी मला मनापासून आपलं मानलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी पोटातलं सांगितलं. मागची सभा फसल्यापासून पोडाचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, त्यांच्याशी तुटक वागत होते. आणि या वेळी लेतुबाबा येणार होते. लेतुबाबा सीमेपलीकडच्या, तेलंगणातल्या पोडावरचे. आपले पूर्वज कोणत्या डोंगरावरून कोणत्या ओढ्याकाठी आले, कुठे पोड वसलं, कुठून उठलं, हे सगळं सांगणं त्यांना पाठ आहे, आणि ते सलग सांगता येणारे आता तेच एकटे उरलेत. मागे कोणीतरी त्यांचा आवाज मोबाइलवर टिपून नेला आणि तो भलत्याच व्हिडिओत, भलत्या संगीताबरोबर त्यांना ऐकायला मिळाला. तेव्हापासून रेकॉर्डिंगला त्यांची सक्त मनाई. लिहून घ्या, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं. आणि एकदाच.

"एकदाच म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे एकदाच, ताई. त्यायले मनवायले मी दोनदा गेलती. आता पुन्हा नाई येणार ते."

पोड

पोडाकडचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो. जानेवारीत सागाची मोठाली पानं वाळून पडायला लागतात आणि कोणी चाललं की आवाज होतो, त्यामुळे माणूस दिसायच्या आधी ऐकू येतं. मधेच जंगल संपतं आणि काळ्या रानात फुटलेला कापूस दिसतो, बांधाला पिवळट पडलेली तूर. या भागात वाघ आहे. लोक ते आपण कुत्र्याबद्दल सांगतो तशा सुरात सांगतात, मात्र दिवस कलला की त्या रस्त्याने सहसा कोणी जात नाही. मी रेखाताईंच्या स्कुटीवर मागे बसून सारखी डावीउजवीकडे पाहत होते. शेवटी त्या म्हणाल्या की तुम्ही हलू नका, गाडी हलते.

पोड म्हणजे डोंगराच्या उतरणीला समोरासमोर मातीची घरं, स्वच्छ सारवलेली अंगणं, मध्ये बसाउठायची चावडी आणि टोकाला शाळेची खोली. शाळेच्या कपाटावर मी ते यंत्र आणि राउटर ठेवला. दुपारी नाईक आले. लक्ष्मण आत्राम त्यांचं नाव. बांधा काटक, बोलणं कमी. त्यांनी यंत्राकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "आमचे शब्द ह्याच्यात जातील. मंग हे मशीन कोणाचं?"

मी म्हटलं, तुमचं. इथेच राहील. माझ्याकडे याची किल्ली राहणार नाही.

"अन् हे अक्षरं दाखोते ते, फोनमंधलं?"

तो वेगळा भाग आहे, मी सांगितलं. तो मी आणि माझ्या मित्रांनी लिहिलाय, कोणीही वापरावा. तो कोणत्याही सर्व्हरशी बोलतो. आधी तो फक्त आमच्याच सर्व्हरशी बोलायचा, त्यामुळे तुमचं लिहिलेलं आमच्याकडे येऊन बसायचं. आता तसं नाही.

नाईकांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं की नाही ते मला कळलं नाही. जाताना ते रेखाताईंना कोलामीत काहीतरी म्हणाले. मी अर्थ विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणे, पाहू."

संध्याकाळी लिहिणारी मंडळी जमली. त्यात जमुना होती, पोडाची आशा वर्कर. तिशीतली, दोन मुलांची आई, आणि कोलामी देवनागरीत लिहिण्यात सर्वांत तेज. लेतुबाबांचे मूळ शब्द तिनेच लिहायचे आणि बाकीच्यांनी मराठी अर्थ, जागांची नावं, नातीगोती असं वाटून घ्यायचं ठरलं. सरावासाठी जमुनाने ‘ईर’ लिहिलं, म्हणजे पाणी, आणि ते एकदम सगळ्यांच्या फोनवर उमटलं. बाया खुदकन हसल्या. रेखाताईंचा चेहरा मी पाहिला. मागच्या सभेनंतर पहिल्यांदा त्यांना नीट श्वास घेता आला असावा असं वाटलं.

सभा

रात्र आम्ही दोघींनी पोडावरच काढली. लेतुबाबा सकाळीच आले. लहानखुरे, डोक्याला पांढरं फडकं, पायात टायरच्या चपला. काळा चहा प्यायले, शाळेच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले आणि कोणी सुरू करा म्हणायच्या आत त्यांनी सुरुवात केली. ते बोलत नव्हते आणि गातही नव्हते. दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं, एका चालीवर चाललेलं, आणि दर थोड्या वेळाने एखादं नाव आलं की बसलेले म्हातारे हुंकार द्यायचे. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी माझ्या लॅपटॉपवर पान उघडून बसले होते आणि तिथे जमुनाच्या ओळी भराभर उमटत होत्या, त्यांच्या खाली रेखाताईंचा अर्थ: ‘इथे ओढ्याला दोन तोंडं होती, थोरल्याने डावं घेतलं.’ ऐकलेलं ताबडतोब समजत होतं, आणि एवढ्या लांबून आल्याचं सार्थक झालं असं मी मनात म्हणत होते.

तेवढ्यात वीज गेली. लगेच आली, आणि येताना जोरात आली. शाळेतला पंखा एकदा वेड्यासारखा फिरला आणि कपाटावरून जळका वास आला. मी आत धावले. विजेच्या ज्या पट्टीला यंत्र आणि राउटर जोडले होते ती काळी पडली होती. राउटर मेला होता. यंत्राचाही दिवा लागत नव्हता.

मी तिथेच उभी राहिले. बाहेर लेतुबाबांचा आवाज तसाच चालू होता. मी दारातून पाहिलं तर लिहिणारे सगळे लिहीत होते. कोणाचंही पान पांढरं झालं नव्हतं. सर्व्हर गेल्याचं माझ्याशिवाय कोणाला कळलेलंच नव्हतं. हेच तर मी महिनोन्महिने घडवायला बसले होते. पण तेव्हा मला त्याचा आनंद झाला नाही. घरी मी हे तपासलं होतं ते माझ्या दोन चांगल्या फोनवर, टेबलाशी बसून. इथे फोन स्वस्तातले, फोटोंनी गच्च भरलेले. आता यापुढची प्रत्येक ओळ ज्याच्या त्याच्या फोनमध्येच होती, दुसरीकडे कुठेही नाही.

नाईकांना सांगणं भाग होतं. मी त्यांना बाजूला बोलावून सांगितलं की मशीन जळलं. लेतुबाबांना थोडं थांबवावं का, असंही विचारलं.

त्यांचा चेहरा आक्रसला. "थांबवू नका. थांबले तर उठून जातील." मग खालच्या आवाजात, "हे लोक लिहून राह्यले ते कोठी जाऊन राह्यलं आता?"

फोनमध्येच साठतंय, मी म्हटलं. दुसरं यंत्र मिळालं की एकत्र येईल.

"येईल?"

"येईल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

रेखाताईंनी हळूच बाहेर जाऊन अनिलभाऊंना फोन लावला. शाळेमागच्या टेकाडावर रेंज जरा बरी मिळते. लॅपटॉप घेऊन या म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, कोणता लॅपटॉप? पण ते निघाले. माझ्याकडे पेन ड्राइव्हवर सर्व्हरचा प्रोग्राम होता. कोणताही लॅपटॉप चालला असता, पण माझा स्वतःचा कंपनीचा, त्यांच्या कुलपांनी असा जखडलेला की त्यावर बाहेरचं काही बसवता येत नव्हतं.

मी वाकून एकेका लिहिणाऱ्यापाशी गेले आणि कानात सांगितलं, पान बंद करू नका, फोन बंद पडू देऊ नका. जमुनापाशी पोचले तेव्हा तिचा फोन वाजत होता. तिने उचलला, ऐकलं आणि ताडकन उठली. पलीकडच्या पोडावरची एक बाई अडली होती. पहिलीच खेप. जमुनाने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. हा फोन ठेवून जा असं मी म्हणू शकत नव्हते. त्याच फोनवरून गाडी बोलवायची होती, डॉक्टरांना सांगायचं होतं.

"जा तू," मी म्हटलं.

ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून गेली. लेतुबाबांचे मूळ शब्द, सर्व्हर गेल्यानंतरचे सगळे, तिच्या ओच्यात खोवलेल्या त्या फोनमध्ये गेले. तिची जागा रेखाताईंनी घेतली आणि पुढचं लिहायला लागल्या. बाबा सांगण्यातल्या एका ओढ्याशी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा पुढे सांगू लागले.

मध्ये अनिलभाऊंचा फोन आला. "येऊन राह्यलो," ते म्हणाले. आमच्याकडे येऊन राहिलो म्हणजे माणूस कधीचाच आलेला असतो. मी घाईघाईने रस्त्यापर्यंत गेले तर चिटपाखरू नव्हतं. परत येऊन रेखाताईंना सांगितलं तर त्या एवढ्या ताणातही हसल्या. अजून वाटेत आहेत, असा त्याचा अर्थ होता. ते आले तेव्हा दुपारची जेवणं होत आली होती. लॅपटॉप त्यांनी घरच्या चादरीत गुंडाळून, पोटाशी बांधून आणला होता. बॅटरी भरलेली आणली होती, हे त्यांचं डोकं.

सर्व्हर बसवायला फार वेळ लागला नाही. लॅपटॉपचंच वायफाय सुरू केलं आणि एकेकाच्या फोनमध्ये जुना पत्ता पुसून नवा घातला. क्लायंटला सर्व्हर कोणता हे सांगता येतं, तो बदलता येतो. ही सोय मी केली तेव्हा आमच्यातल्या एकाने विचारलं होतं, ही कधी कोणाला लागणार आहे? पहिला फोन जोडला, दुसरा जोडला. पडद्यावर ओळी येऊ लागल्या. अर्थ, नावं, नाती, आपापल्या जागी, वरखाली सरकत. सगळं आलं. फक्त मध्ये एक खिंडार होतं. तिथे मराठी अर्थ होता आणि मूळ शब्द नव्हते. ते जमुनाकडे होते.

तोवर लेतुबाबांचं सांगणं संपलं होतं. ते भाकरी खात होते. नाईकांनी खिंडाराची जागा पाहिली आणि जाऊन रस्त्याच्या कडेला बसले. रेखाताईंनी जमुनाला फोन लावून पाहिला, बंद होता. पुन्हा लावला; बंद. माझ्या डोक्यात नको ते येत होतं. फोन पाण्यात पडला असेल, मेमरी भरली म्हणून काहीतरी पुसलं गेलं असेल. आणि मग स्वतःचीच लाज वाटत होती, कारण तिकडे एक बाई अडली होती आणि मी ओळींची चिंता करत होते.

उन्हं उतरायला लागली तसे लोक रस्त्याकडे जास्त बघायला लागले. इथल्या लोकांना त्या रस्त्याची वेळ माहीत असते. मग वाळलेल्या पानांवरून गाडी येत असल्याचा आवाज आला. जमुना उतरली. पदर खोचलेला, केस विस्कटलेले.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "दोघीही चांगल्या हायेत. गाडी वेळेवर आली."

सगळ्या बाया तिच्याभोवती जमल्या. पाणी दिलं, चहा दिला. मी मागे उभी होते. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तिने ओच्यातून फोन काढून पुढे केला. "बंद पडला न ताई. बॅटरी संपली. गेलं का सारं?"

लॅपटॉपलाच लावून तो चार्ज केला. सुरू व्हायला त्याला युगं लागली. जमुनाने पान उघडलं. जुन्या दिवसांत इथेच पांढरा पडदा आला असता. पान उघडलं, आणि त्यात तिच्या ओळी होत्या, शेवटच्या अर्ध्या शब्दापर्यंत. सर्व्हरशी अजून गाठही पडली नव्हती. मी नवा पत्ता घातला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर खिंडार वरून खालपर्यंत भरत गेलं.

मी जमिनीवर बसले. मला हसू येत होतं. रेखाताई माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

मग लेतुबाबांना वाचून दाखवायचं ठरलं. रेखाताई वाचू लागल्या आणि बाबा डोळे मिटून ऐकू लागले. मध्ये एके जागी गंमत झाली. एकाच ओढ्याचं नाव दोघांनी, जोडणी तुटलेली असताना, दोन तऱ्हांनी लिहिलं होतं. जुळताना दोन्ही ओळी एकाखाली एक राहिल्या होत्या. मला वाटलं, चूक झाली, एक पुसावी लागणार. त्यावर म्हाताऱ्यांत चांगलीच जुंपली. अखेर लेतुबाबांनी डोळे उघडले आणि रेखाताईंना सांगितलं; त्यांनी मला ते मराठीत सांगितलं: वरच्या पोडाचे लोक असं म्हणतात, खालच्या पोडाचे तसं. दोन्ही ठेवा.

वाचून झाल्यावर त्यांनी फडकं सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाले, पूर्वजांची एक फांदी आज सांगायची राहिली. होळीनंतर येईन. रेखाताईंनी मला हे सांगताना दोनदा चुकून कोलामीतच सांगितलं, इतकं त्यांना भरून आलं होतं.

त्या संध्याकाळी कोणालाच घाटंजीला परतता आलं नाही. अनिलभाऊ अंगणात बसून म्हाताऱ्यांना लॅपटॉपवर पोरीच्या बारशाचे फोटो दाखवत होते.

परत

दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याहून नवी पट्टी, नवा राउटर आणि यंत्राचा नवा चार्जर आणला. यंत्र जिवंत निघालं, चार्जरच जळाला होता. या वेळी मधे बॅटरी बसवली. लॅपटॉपवरचं सगळं यंत्रावर नेलं आणि अनिलभाऊंचा लॅपटॉप त्यांना चादरीसकट परत केला. शेवटी किल्ली, म्हणजे सर्व्हरचा परवलीचा शब्द, बदलायची वेळ आली. मी पाठ फिरवून उभी राहिले. नाईक, रेखाताई आणि जमुनाने मिळून नवा शब्द ठरवला. बराच वेळ लागला आणि मधेमधे हसणं ऐकू येत होतं, तेव्हा तो काहीतरी मजेदार असावा. निघताना नाईकांनी मला तुरीच्या शेंगांची पिशवी दिली. रेखाताईंशी ते आता सारखे बोलत होते. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे.

घरी येऊन आठवडा झाला असेल. पोडावर चार दिवस रेंज चांगली आहे, यंत्रही इंटरनेटला जोडलंय, काम जोरात चाललंय, असा रेखाताईंचा निरोप आला. मला पाहायची फार इच्छा झाली. मी माझ्या फोनवरून क्लायंट उघडला आणि त्यांच्या सर्व्हरचा पत्ता घातला. पडद्यावर आलं, तुम्हाला या पानाची परवानगी नाही. ते वाक्य मीच कधीतरी लिहिलं होतं.

मी रेखाताईंना विचारलं, मला बघता येईल का? त्या म्हणाल्या की हे एकटीने ठरवायचं नाही, चावडीत विचारावं लागेल, नाईक दोन दिवस बाहेरगावी गेलेत.

"तुम्हाला राग नाई न आला, ताई?"

मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. फोन ठेवला, तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या आणि शेजारच्या काकूंना हाक मारली, या, आमटी कशी करतात ते दाखवते.